मोटारीतली शिट्टी

पंख्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर माझं काम एकच. मोटार चालू करायची, कान लावायचा आणि आवाज बरोबर नसेल तर खडूनं फुली मारायची. वीस वर्षांत माझ्या फुलीवर कुणी ब्र काढला नाही.

वाइंडिंगचा, म्हणजे मोटारीत तार भरणारा, जुना कारागीर सोडून गेला, तेव्हा मीच शब्द टाकून जावयाला तिथं चिकटवलं. महिन्याभरात मोटारींतून बारीक शिट्टी यायला लागली. घरीसुद्धा ऐकू यायची, पण मला वाटायचं, दिवसभराचं कानात राहिलंय. हा पठ्ठ्या तार सैल गुंडाळून माझंच नाक कापत होता, दुसरं काय! विचारलं तर म्हणाला, "बाबा, मला नाही हो ऐकू येत." चेहरा अगदी गरीब गायीचा. असल्या चेहऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. चाळीस फुल्या झाल्यावर मालक म्हणाले, "शनिवारी शेवटचं बघू. नाहीतर याला घरी बसवतो."

बायको म्हणाली, "झोपेत दात खाता तुम्ही, कडाकडा."

"असा जावई असल्यावर आणखी काय खाऊ?"

जबडा ठणकत होता म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कानापुढे दोन बोटं ठेवली आणि आ करायला सांगितलं. कट्ट वाजलं.

"कान वाजतो का?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ताडकन उठून बसलो. जावई इथंही पोचला की काय!

त्या हसल्या. "जबड्याचा सांधा कानाला लागूनच असतो. तो दुखावला की काहींचा कान वाजतो. दात आवळून बघा."

आवळले. शिट्टी चढली. तरी मी मनात म्हटलं, ज्याला त्याला आपलंच दुकान दिसतं.

शनिवारी मालक आणि जावई टेबलाशी उभे राहिले. मी कान लावला. शिट्टी होतीच. खडू उचलला आणि जबडा जरा सैल सोडला, तर शिट्टी उतरली. आवळला, चढली. मी बटण बंद केलं. मोटार थांबली, शिट्टी चालूच.

मी खडू खाली ठेवला. या कानाशिवाय मला दुसरं काही येत नाही.

"मारा फुली," मालक म्हणाले.

"मोटार बंद आहे, साहेब. वाजतोय तो मी."

मालकांनी वाकून बंद बटण पाहिलं. जावयाकडे तर मला बघवेना. आता हा चार शब्द सुनावणार, आणि सुनावावेतच.

तो हळूच म्हणाला, "बाबा, त्या चाळीसही मोटारी उकलून मी पुन्हा भरल्या. वेढे मोजता मोजता मलाच माझा संशय यायला लागला होता."