ऊन दाखवलेली रेकॉर्ड

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे. बाजू दोन, गाणी सहा, वाजायला लागणारा वेळ अडतीस मिनिटं, ओरखडे चौदा. ओरखडे गुंजननं भिंगाखाली मोजले आहेत.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या एका ऑर्गनवादकानं साथीदारांसह जॅझ वाजवला आणि तो माझ्या अंगावर कोरला गेला. पुढे मी नागपूरच्या जुन्या बाजारात पडून होते. वेष्टणावर ऑर्गनपाशी बसलेला माणूस दिसला, म्हणून टेकचंद यांनी मला साकोलीला आणलं. ते झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवत. डावा हात कसा चालवायचा, हे ते माझ्याकडून शिकले. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावची माणसं तो हात ऐकायला पुढे सरकून बसत. घरी त्यांच्या पत्नी कौशल्याबाई मला सवत म्हणत.

मग फोनवर गाणी आली. बारा वर्षं मी कपाटावर पडून राहिले.

यंदा चैत्रात टेकचंद यांना लकवा मारला. वाचा गेली, डावा हात गेला. त्यांची मुलगी गुंजन विज्ञानाची पदवीधर. तिनं मला सहज लावलं, आणि दुसऱ्या गाण्याला त्यांचं डावं बोट चादरीवर हललं. डॉक्टर म्हणाले, हात हलता राहिला तरच वाचेल. गुंजन रोज मोजू लागली. सहा वेळा, अकरा वेळा, तेवीस वेळा. दुसऱ्या कुठल्याच गाण्याला ते हलत नव्हतं, आणि मी फोनवर कुठे सापडले नाही.

पावसाळ्यात मला बुरशी आली. आमच्याकडे ओल धरलेल्या प्रत्येक गोष्टीला ऊन दाखवतात, धान असो की गाद्या. आश्विनातल्या एका दुपारी कौशल्याबाईंनी मलाही अंगणात ठेवलं.

"काहून ठेवली वं आई उन्हात?" गुंजननं विचारलं.

"वास मारून राहिली होती सवत. तुह्या बाबासाठीच त ठेवली."

गुंजननं मला सपाट फरशीवर ठेवलं. तिनं मोजपट्टी लावली. उन्हानं माझी कड नऊ मिलिमीटर उचलली होती. चार दिवस दोन काचांमध्ये दाबल्यावर सात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला उभी ठेवा, सावलीत ठेवा. ओल मऊ कापडानं पुसा.

पाचव्या दिवशी गुंजननं मला लावलं. कौशल्याबाईंनी टेकचंद यांचा डावा हात उचलून चादरीवर नीट ठेवला आणि त्या तिथेच बसून राहिल्या. दुसरं गाणं आलं, संपलं. गुंजननं वहीत लिहिलं: सुई उडाली, एकोणीस वेळा. बोट हललं, शून्य वेळा.