एक तास आधी आलेला श्रोता

"अण्णा अजून आले नाहीत," पद्मिनी म्हणाली आणि लॅपटॉपवरचे चौकोन तिसऱ्यांदा मोजायला लागली.

चौकोन एकतीस होते. आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या वाचनालयात महिन्यातून एकदा व्हायचं ते 'सर्वांसाठी गणित' व्याख्यान टाळेबंदीमुळे आता ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात पोचलं होतं. त्यात एक निवृत्त पोस्टमन होता, विणकाम घेऊन बसलेल्या दोन बहिणी होत्या, कुणाचं तरी मांजरसुद्धा होतं. अण्णांचा, गडहिंग्लजचा चौकोन तेवढा नव्हता.

"सुरू करायचं ना, पद्मिनी?" कार्यक्रम चालवणाऱ्या मरेडबाईंनी विचारलं. "घाबरू नकोस. यू'ल बी ग्रँड, छान होईल."

घाबरली होती कोण! सात वर्षं ती या व्याख्यानांना मागच्या खुर्चीत बसून होती, पहिल्यांदाच बोलायला उभी राहत होती, आणि ते सगळं एका माणसासाठी होतं. तोच माणूस नव्हता.

ती सिटीवेस्टच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. खरं वेड गणिताचं. पण बारावीनंतर तिनं इंजिनिअरिंग घेतलं, आणि गणिताचे मास्तर असलेले सुभाष सर, म्हणजे तिचे वडील, अण्णा, एवढंच म्हणाले, "बरं." त्या एका 'बरं'नं पंचवीस वर्षं तिचा पिच्छा पुरवला. सर रागावले असते तर भांडता तरी आलं असतं!

सरांची व्याख्यानं म्हणजे गावात मोठं प्रस्थ. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात शिंपी, कंडक्टर, भाजीवाल्या, सगळ्यांना बसवून ते गणित सांगायचे. एप्रिलात ते आयर्लंडला यायचे होते, लेकीबरोबर इथलं व्याख्यान ऐकायचे होते. विमानं बंद झाली. जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला. आता जेमतेम तासभर बसता येई, शब्द एकेक करून येत. मग मरेडबाईंनी विचारलं, तू बोलशील का, आणि पद्मिनीनं हो म्हणून टाकलं. सगळं ऑनलाइनच आहे, तर अण्णा पहिल्या रांगेत बसतील!

दोन वाजून पाच मिनिटं झाली. तिनं सुरुवात केली.

"मार्चपासून आपण कुणाशी हात मिळवला नाही," ती इंग्रजीत म्हणाली, तशा त्या दोन बहिणी हसल्या. "म्हणून आज हात मिळवण्याचं गणित." अर्धा तास ती बोलली. चांगली बोलली. पोस्टमनकाकांनी दोनदा प्रश्न विचारले आणि शेवटी टोपी काढून दाखवली. पण तिचा एक डोळा सारखा पडद्याच्या कोपऱ्यात होता. कौतुक झालं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

सगळे गेल्यावर तिनं घरी फोन लावला.

"अगं, तुझं काय झालं?" आई, प्रभाताई, उचलल्या उचलल्या म्हणाली. "साडेसहाला बसले की हे! दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्या टॅबवर आपलं 'थांबा, थांबा' एवढंच लिहून येत होतं. म्हटलं, पमीला फोन लावते. तर मलाच ओरडले, व्याख्यानाआधी वक्त्याला त्रास द्यायचा नसतो म्हणून."

"साडेसहाला? आई, साडेसातला होतं!"

"तूच सांगितलंस ना गं गुरुवारी? दोनात साडेचार मिळवा. सव्वासातला मान पडायला लागली, मग मीच आडवं केलं त्यांना."

पद्मिनीनं ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते फोनपेक्षा एक तास पुढे होतं. हिवाळ्याच्या वेळेप्रमाणे काल रात्री आयर्लंडची सगळी घड्याळं एक तास मागे गेली होती. फोन, लॅपटॉप आपापले बदलले. अण्णांना सांगितलेलं तेवढं बदललं नाही. आजपासून साडेपाच मिळवायचे होते. आणि ही बया गेले तीन महिने ऑफिसात तारखा-वेळांचंच सॉफ्टवेअर तपासत होती! आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता तिनं. तिला रडू कोसळलं.

"आई, दे त्यांना. जागे आहेत?"

थोडी खुडबुड झाली. मग तो जड आवाज आला. "पमे. चूक... कुणाची?"

"माझी, अण्णा. इथली घड्याळं मागे गेली. मी जुनाच फरक सांगितला. तुम्ही तासभर..."

"लोक... किती?"

"एकतीस."

"हं. आता... सांग."

"आत्ता? दमलायत तुम्ही. उद्या सांगते ना."

"उद्याचं... कुणी पाहिलंय? सांग. आणि... उभी राहा."

ती उभी राहिली. मराठीत हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. हात मिळवणं तिनं सोडून दिलं. गडहिंग्लजला हात कोण मिळवतो?

"समजा, एका लग्नात सगळे एकमेकांना टाळ्या देतायत," तिनं सुरू केलं. "कुणी तीन दिल्या, कुणी चार. ज्यांनी विषम टाळ्या दिल्या, असे लोक किती? मी न बघता सांगते, त्यांची संख्या सम असणार."

"हं," अण्णा म्हणाले.

"का? एका हातानं टाळी वाजत नाही. प्रत्येक टाळी दोघांच्या नावावर लागते. म्हणून सगळ्यांची मिळून बेरीज समच येणार."

"हं."

तिची मुलगी, पूर्वी, जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. तिला मराठी सगळं समजत होतं.

"आता सम टाळ्यावाले बाजूला काढा. त्यांची बेरीज समच. मग उरलेल्यांची काय? समच. बरोबर, अण्णा?"

पलीकडून 'हं' आलं नाही.

"झोपले गं," आई हळूच म्हणाली. "गोळीचा अंमल आहे. ठेवू फोन?"

"इज आजोबा अस्लीप?" पूर्वीनं विचारलं. पद्मिनीनं मान डोलावली. अर्धी सिद्धता अजून शिल्लक होती.

"नको ठेवूस, आई. त्यांच्या कानाशी धर."

तिनं डोळे पुसले आणि आवाज थोडा वाढवला. "विषम आकडे विषम वेळा मिळवले, तर बेरीज विषम येते. आपली तर सम आली. म्हणजे विषम टाळ्या देणारी माणसं समच असली पाहिजेत. झालं सिद्ध."

फोनमधून अण्णांचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, एका लयीत.

"कुणाला काही शंका?" पद्मिनीनं विचारलं, आणि उभ्या उभ्या वाट पाहत राहिली.