वारली कशी आहे?

आई आम्हाला नावाने हाक मारायची ती फक्त पाहुण्यांसमोर. एरवी मी मेल्या आणि धाकटी मेली. "ऊठ मेल्या, दूध उतू गेलं." "ती मेली कुठे उलथलीय?" दोन मेलेली पोरं, आणि दोघांना रोज वेळेवर डबा. धाकटीच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की शेजारी कोणी "पाल मेली एकदाची" म्हणालं तरी ही इकडून "आले!" म्हणून ओरडायची.

मग आईच गेली आणि घरात तो शब्द बंद झाला.

सुट्टीचं घर तिनेच ठरवलं होतं. परदेशातल्या शहरात, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, गॅलरी, चार माणसांची सोय. "हॉटेलात ही दोघं आपापला मोबाइल घेऊन पडून राहतील. घर असलं म्हणजे निदान बाथरूमवरून भांडतील तरी," असं तिचं कौटुंबिक धोरण. ती गेल्यावर ते रद्द करायला हवं होतं. पण रद्द करायचं तर कारण सांगावं लागणार, आणि बाबांनी ते अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळे फोन आत्याने केले. बाबा शेजारी बसून नुसती मान हलवत होते, जणू पलीकडच्याला ती दिसत होती.

तर एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून आम्ही विमानात बसलो.

घरमालकीण दारातच उभी होती. म्हातारी, बारीक, पायात लोकरी सपाता आणि गळ्यात चाव्यांचा जुडगा. तिचं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून धाकटीने तिला चावीवाली करून टाकलं. ती खाली तळमजल्यावर राहायची. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. मध्ये बाबांचा फोन. त्यातली भाषांतर करणारी बाई मराठी बोलायची, पण व्याकरणाच्या पुस्तकातून नुकतीच पळून आल्यासारखी. आणि बाबांना सरळ अरेतुरे.

"स्वागत आहे," फोन म्हणाला. "तुम्ही तीन आहात. तू चार लिहिले होते. चौथी माणूस कुठे आहे?"

बाबांनी घसा साफ केला. "बायको गेली."

फोनने ते तिला सांगितलं. ती हसली.

"छान. ती केव्हा परत येईल?"

बाबांनी फोन तोंडाजवळ नेला. "तसं नाही. देवाघरी गेली."

चावीवालीने कौतुकाने मान डोलावली आणि खिडकीतून एका मनोऱ्याकडे बोट दाखवलं. "देवाचे घर संध्याकाळी लवकर बंद होते. तिला सांग. ही तिची चावी."

बाबांनी चावी हातात घेतली. मग म्हणाले, "हो."

ती गेल्यावर धाकटी उसळली. "हो काय, बाबा? हो?"

"मशीनला कळत नाही गं. परक्याचं घर, म्हातारी बाई, कशाला वाढवायचं?"

"मग सरळ मेली म्हणा ना."

बाबांचा चेहरा असा झाला की तिने स्वतःच जीभ चावली. "आईला असं बोलतात?" एवढंच म्हणून ते गीझर कसा चालू होतो ते बघायला गेले. गीझर चालूच होता.

अशी आई आमच्याबरोबर राहायला लागली.

आधी ते नुसतं काम होतं. चावीवाली टॉवेल बदलायला यायची, म्हणून मी रोज चौथा टॉवेल नळाखाली ओला करून दांडीवर टाकायचो. धाकटी चौथी उशी चुरगळायची. "जरा डावीकडे चुरगळ," मी सांगायचो, "आई डाव्या कुशीवर झोपते." बाबांनी मध्ये एकदा सुधारणा करायचा प्रयत्न केला. जिन्यात चावीवाली भेटली तेव्हा फोनमध्ये स्पष्ट म्हणाले, "वारली." फोनने ते आईचं नाव धरलं. तेव्हापासून चावीवाली भेटेल तिथे गोड हसून विचारायची, "वारली कशी आहे?"

"बरी आहे," बाबा म्हणायचे.

लिफ्ट जुनी होती, तिच्यात तिघंच मावत. आम्ही तिघंच होतो. तरी बाबा जिन्याने यायचे.

बाहेर पडताना ते चौथी चावी पायपुसण्याखाली ठेवायचे. मला वाटलं, चावीवालीला दाखवायला. मग एकदा ती हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडताना मला गॅलरीतून दिसली, आणि मागे वळलो तर बाबा दारात वाकलेले.

"ती बाजारात गेलीय," मी म्हणालो. "कोणी बघत नाहीये, बाबा."

"असू दे," ते म्हणाले.

चहा चार कप होऊ लागला. चौथा बाबाच ओतून टाकायचे, पण पूर्ण गार झाल्यावर. वस्तुसंग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर त्यांनी चार बोटं दाखवली. आत जाताना दारावरचा माणूस आमच्या मागे, रिकाम्या जागेकडे बघत राहिला. बाबांनी त्याला हाताने खूण केली. येतेय.

आणि एका सकाळी आम्ही बूट घालून तयार, तर बाबा सोफ्यावर.

"तुम्ही या फिरून. कोणीतरी घरी हवं ना. ती आली आणि दार बंद असलं तर?"

आम्ही हसायला थांबलो. आमच्या घरात विनोद असाच, सरळ चेहऱ्याने करतात, मग मागाहून भुवई उडते. मी भुवईकडे बघत राहिलो. ती उडाली नाही.

लिफ्टमध्ये धाकटी रडली. मी म्हणालो, "होईल ठीक." लिफ्टमध्ये याच्यापेक्षा जास्त काही सुचत नाही. मला एकच भीती होती. आम्ही दोघं बॅगा घेऊन परत जाऊ, आणि बाबा इथेच राहतील, पायपुसण्याशेजारी. अंगाने आमच्याबरोबर आले तरी.

निघायच्या दिवशी चावीवाली वर आली. बॅगा दारात, धाकटी आतल्या खोलीत चार्जर शोधत होती. चावीवालीने तीन चाव्या घेतल्या आणि हात तसाच पुढे ठेवला.

"वारलीची चावी?"

बाबांनी पायपुसण्याकडे बघितलं. तिने बहुतेक मनाशी काहीतरी जुळवलं. बाबांच्या दंडावर हात ठेवून ती फोनमध्ये बराच वेळ बोलली. फोन म्हणाला, "काळजी करू नको. नवीन लोक आज येत आहेत, परंतु वारली माझ्याकडे झोपू शकते. माझ्याकडे पलंग आहे. मी दिवा चालू ठेवीन. ती कितीही उशिरा आली तरी."

बाबांनी फोन हातात घेतला. स्क्रीनवरची आवाजाची लाट हलायला लागली. त्यांनी तोंड उघडलं. लाट सपाट झाली.

"ऐकू आले नाही. पुन्हा बोल," फोन म्हणाला.

मी बोलू शकलो असतो. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. पण मी बोललो असतो तर तो आत्याचा आणखी एक फोन झाला असता.

"ती," बाबा म्हणाले. "ती..." मग जिन्यात घुमेल एवढ्या मोठ्याने, "मेली!"

"आले!" आतून धाकटी ओरडली.

फोनने दोन्ही ऐकलं, आणि दोन्ही सांगितलं.

चावीवालीचा हात तोंडाकडे गेला. ती आमच्या मोठ्या बॅगेवर बसली आणि बाबांकडे, मग माझ्याकडे, मग दांडीवरच्या चार टॉवेलांकडे बघत राहिली. धाकटी चार्जर घेऊन बाहेर आली. "कोणी हाक मारली?" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी दवाखान्यातही ऐकला नव्हता. धाकटी त्यांच्या शेजारी बसली. मी उभाच राहिलो. मला कुठे बसायचं ते कळेना.

चावीवाली उठून खाली गेली. वाटलं, चिडली असेल. इतके दिवस तिला एका मेलेल्या बाईची खुशाली विचारायला लावली होती आम्ही.

थोड्या वेळाने ती जिने चढत परत आली, धापा टाकत. कागदात गुंडाळलेलं काहीतरी तिने बाबांच्या हातात दिलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. बाबांनी कागद उघडला.

आल्याचा एक मोठा गड्डा होता.

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. धाकटीला आधी कळलं. "बाबा, मी 'आले' म्हणाले ना..."

बायको मेली. आलं. परदेशी माणूस रडत रडत आलं मागतोय, तर का म्हणून विचारायची ती वेळ नव्हे, एवढं त्या बाईला कळलं होतं.

बाबांची भुवई थोडी हलली. उडाली म्हणता येणार नाही.

ते उठले, पायपुसणं उचललं, चावी काढली आणि चावीवालीच्या हातात ठेवली. मग ओट्याकडे गेले.

"गाडी येईल, बाबा," मी म्हणालो.

"थांबेल."

त्यांनी आलं ठेचून चहा टाकला. कप चार काढले. धाकटीने माझा हात घट्ट धरला. तीन भरले, मग चौथा. चौथा त्यांनी चावीवालीला दिला.

तिने एक घोट घेतला, तोंड भयंकर वाकडं केलं, आणि बाबा बघत होते म्हणून सगळा प्यायली.