अकरा मुलांची सुट्टी

केंद्र सरकारने देशभर वाचनचाचणी सुरू केली, तेव्हा बाई एका छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. सगळीकडे एकच दिवस, एकच उतारा. निकाल फक्त हजर मुलांचा धरायचा, आणि तो साठ टक्क्यांच्या खाली गेला की केंद्राचं अनुदान बंद. एका तरुण शिक्षिकेची नोकरी त्याच अनुदानावर होती.

आदल्या दुपारी बाईंनी हजेरीपट घेतला आणि अडखळत वाचणाऱ्या मुलांवर पेन्सिलीने खुणा केल्या. अकरा निघाली. दहा घरी निरोप गेला, उद्या पाठवू नका. अकरावी चिमणी. तिची आई शाळेतच झाडलोट करायची, सगळे तिला मावशी म्हणत. मावशींना बाईंनी समोर बोलावून सांगितलं की पोरीचे डोळे आल्यासारखे वाटतात, दोन-तीन दिवस घरीच ठेवा. बाईंचं आपल्या लेकीवर एवढं लक्ष! मावशींना भरून आलं.

निकाल एक्क्याण्णव टक्के लागला. महिन्याभराने केंद्राचे एक साहेब कौतुकाला आले आणि थेट वर्गात जाऊन बसले. कोण वाचून दाखवतं, असं त्यांनी विचारताच चिमणी उभी राहिली. एकेक अक्षर जुळवत तिने चार ओळी वाचल्या, पण मध्येच सोडून दिलं नाही. चाचणीत हेच वाचलंस का, असं साहेबांनी विचारलं.

"मी नव्हते. माझे डोळे आले होते," ती म्हणाली. "दुखत नव्हते, पण बाईंना दिसले."

ऑफिसात आल्यावर बाईंनी साहेबांना खालमानेने सगळं सांगून टाकलं. साहेब चष्मा पुसू लागले.

"त्या दिवशी देशातलं दर सहावं मूल आजारी होतं, बाई. हजर मुलांच्या नियमाचा मसुदा माझाच. हे मी वर कळवलं, तर उत्तर आलं, आकडे जाहीर झालेत, आता बदलणार नाहीत." मग साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही लेखी दिलंत, तर मला ते पाठवावं लागेल."

बाईंनी कागद ओढला. लिहून झाल्यावर त्या मावशींना शोधत गेल्या. मावशी व्हरांडा झाडत होत्या. सगळं ऐकूनही त्यांचा हात थांबला नाही.

"तीन दिवस कोंडून ठेवलं मी तिला," त्या म्हणाल्या. "शाळेसाठी रडत होती."



शाळेचा निकाल रद्द झाला आणि अनुदान गेलं. त्या तरुण शिक्षिकेची नोकरी गेली. जाताना ती बाईंना भेटली नाही. बाईंचं पद काढून त्यांना साधी शिक्षिका केलं. तेव्हापासून शाळा सुटल्यावर त्या अकराही मुलांना घेऊन बसू लागल्या. वर्षअखेरीला सात जण सरळ वाचायला लागले. चिमणी अजून त्यांच्यात नाही. ती मात्र रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसते. मावशी दाराशी तिची वाट पाहत उभ्या राहतात, आत येत नाहीत.