टेपचाच आवाज

"ऐका, ऐका! याला म्हणतात टेपवरून कापलेली रेकॉर्ड," कंपाउंडर दुकानदाराला सांगत होते. "व्हायोलिनच्या तारेवर गज टेकतो ना, तेसुद्धा कळतंय. कॉम्प्युटरच्या बापाला जमायचं नाही हे!"

दुकानदाराने गालात हसत कव्हर उलटं केलं आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मूळ ध्वनिमुद्रणच डिजिटल होतं. टेप कुठे नव्हतीच. कॉम्प्युटरमधल्या फाइलवरूनच तबकडी कापली होती.

कंपाउंडरांचा चेहरा खर्रकन उतरला. जन्मभर दवाखान्यात औषधं कालवलेला हा माणूस स्वतःला कानांचा राजा समजायचा. समजेना का, कुणाचं काय जात होतं? पण त्या कानांपायी त्यांनी एकुलता एक मित्र घालवला होता. ड्रॉइंगमास्तरांकडे दर रविवारी दोघं रेकॉर्ड ऐकत. एकदा मास्तर म्हणाले, "डोळे मिटून ऐकलंस तर टेप कुठली आणि डिजिटल कुठली, तुला काडीचं कळणार नाही." "तुझे कान फुटलेत," कंपाउंडर म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. मग 'आधी त्याने यावं' करता करता दोघंही म्हातारे झाले. एकट्या माणसाचा रविवार खायला उठतो, हे कंपाउंडरांना पुढे कळलं.

रेकॉर्ड घेऊन ते तडक मास्तरांकडे निघाले. हरल्याचं दुःख नव्हतंच. उलट जायला निमित्त मिळालं म्हणून बरं वाटत होतं.

दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. "अगंबाई, भावजी! किती वर्षांनी! या ना. पण यांना आता अजिबात ऐकू येत नाही हो. यंत्राची नुसती खरखर होते म्हणून तेही काढून ठेवलंय."

खिडकीशी बसलेल्या मास्तरांनी आधी मित्राला पाहिलं, मग त्याच्या काखेतली रेकॉर्ड.

"मी हरलो रे!" कंपाउंडर ओरडले. "तुझंच खरं होतं!"

"पुन्हा भांडायला आलास?" मास्तर त्याहून मोठ्याने म्हणाले. "नको बाबा. त्या भांडणापायी माझे सगळे रविवार गेले. टेपचाच आवाज खरा. जिंकलास तू. झालं समाधान?"

वहिनींनी कागद-पेन पुढे केलं. "लिहा, भावजी. वाचतात ते."

कंपाउंडरांनी पेन घेतलं. मास्तर असे हसत होते, जणू कित्येक वर्षांचं ओझं आत्ताच खाली ठेवलंय. ते पुन्हा त्यांच्या डोक्यावर द्यायचं कंपाउंडरांच्या जिवावर आलं. त्यांनी एवढंच लिहिलं : 'रविवारी येऊ?'

"येऊ काय विचारतोस? ये!"

रविवारी रेकॉर्ड लागली. मास्तर समोर बसून तबकडीकडे बघत होते. व्हायोलिन वर चढलं तेव्हा कंपाउंडरांना भरून आलं. आता हा काहीतरी खोडी काढेल म्हणून त्यांनी मान वळवली. मास्तर तबकडीकडेच बघत होते. वाद घालायला या खोलीत आता कुणी उरलं नव्हतं.

पहिली धून संपली. पुढची सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत मास्तरांनी मान डोलावली. "वा!" म्हणाले.

कंपाउंडरांनीही तिथेच मान डोलावली.