गोगलगायींवर उगारलेला हात

मुलीच्या लघवीतून रक्त गेलं आणि घरात आरडाओरडा सुरू झाला. "काय खाल्लंस? कुठे पडलीस?" असं विचारत तिच्या रंगारी बापाने तिचा दंड इतका आवळला की पोर रडायचंही विसरली. सोडवायला आलेल्या बायकोलाही एक धक्का बसलाच. राग त्याच्या नाकावर कायमचाच, आणि घाबरला की तो जास्त मारका होई.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तपासून सांगितलं, "कालव्यातल्या बारक्या गोगलगायींमधून किडे पाण्यात येतात आणि कातडीतून अंगात शिरतात. औषधाने बरी होईल. पण पुन्हा त्याच पाण्यात उतरली तर पुन्हा होईल. असंच चालत राहिलं तर मूत्राशय कायमचं बिघडेल."

रंगाऱ्यांच्या वस्तीचं कालव्याशिवाय चालतं कुठे! रंगवलेलं कापड खळबळायला बाप कमरेएवढ्या पाण्यात, आणि त्याचा डबा घेऊन आलेली लेक तिथेच डुंबत.

रंगारी तडक घाटावर गेला. कापड बडवायचं धोपटणं उचललं आणि पायऱ्यांना चिकटलेल्या गोगलगायी ठेचत सुटला. शंख फुटत होते, त्याची बोटं सोलवटत होती आणि तोंडाने शिव्यांची लाखोली चालू होती. तरी त्या संपेनात. मग त्याने शेजारच्या शेतातून कीटकनाशकाचा डबा पळवून आणला.

"अरे थांब! माझे मासे मरतील!" खालच्या अंगाला जाळं लावून बसलेला मासेमार धावत आला. दोघे एकमेकांच्या नरड्याला भिडले आणि पाण्यात कोसळले. रंगाऱ्याने त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं. बुडबुडे यायला लागले तरी हात सुटेना!

इतक्यात त्याच्या पाठीत त्याच्याच धोपटण्याचा दणका बसला. तो कळवळून वळला. मागे थोरली बहीण उभी होती. वस्तीमागे गवती चहाचं तेल काढायची तिची भट्टी होती.

"माणूस मारतोस?" ती ओरडली.

मासेमार खोकत, ओकत काठावर येऊन पडला. बहिणीने विषाचा डबा ताब्यात घेतला. "हा ओतलास तर मासे जातील, बदकं जातील, हेच पाणी पिणारी गुरंही जातील."

"मग काय करू, ताई? पोरीला मरू देऊ?"

"माझ्या भट्टीतलं तेल आहे. नर्सबाईंनी आणि मी मागच्या डबक्यात करून बघितलंय. साबणाच्या पाण्यात घुसळून मापात टाकलं की गोगलगायी मरतात, मासे तगतात. जास्त ओतलं तर मासेही मरतात. तुझ्यासारख्या आडदांडाच्या हाती मी बाटली देणार नाही!"

"तूच टाक. पण एक ठेवू नकोस!"

"टाकते. पण उद्या नव्या आल्या की त्यांना रोग कोण देणार?"

"म्हणजे?"

"गोगलगाय जन्माला येतानाच रोग घेऊन येत नाही रे. आजारी माणसाची लघवी पाण्यात गेली की तिला लागण होते. आता खरं सांग, दिवसभर पाण्यात उभा असतोस. लघवीला लागली की वर येतोस?"

रंगाऱ्याचं तोंड उतरलं. ओलं कापड सोडून काठ कोण चढतो! सगळे तिथेच मोकळे होत, वर "रंग पक्का बसतो" म्हणून हसतही. आणि अधूनमधून लाल जायचं, ते लाल रंगाच्या कामामुळे, असं वस्तीतला जो तो समजून होता. तोही!

"म्हणजे... माझ्या पोरीला मीच?" तो म्हणाला. मग मासेमारासमोर जाऊन त्याने हात जोडले. मासेमाराने मान फिरवली. "आधी दवाखान्यात जा," तो एवढंच म्हणाला.

तपासणीत बापाच्या लघवीतही तोच रोग निघाला. घरी येऊन त्याने लेकीच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला, तर ती अंग चोरून आईमागे लपली. त्या क्षणी त्याला आपली जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बहीण आणि नर्सबाई पायऱ्यांच्या कडेने तेल-साबणाचं दुधाळ पाणी शिंपीत आल्या. काम थांबवायला सांगितलं म्हणून पाण्यातले रंगारी कुरकुरत होते. तेव्हा आपला रंगारी काठावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "गड्यांनो, तुमचंही लाल जातं ना? तो रंग नाही, रक्त आहे! माझी पोर माझ्यामुळे आजारी पडली. वर या!"

कोणी हसलं नाही. एक म्हातारा निमूटपणे बाहेर आला, मग त्याच्या मागोमाग बाकीचे.

मित्रहो, आपल्या आसपासही असं एखादं पाणी असेल. तिथल्या गोगलगायींसाठी तेल मापात टाका, विष ओतू नका. पण त्याआधी पाण्यात घाण करणं सोडा, लाज गिळून तपासून घ्या. आणि भीतीपोटी हात उगाराल, तर आपलीच लेकरं आपल्याला बघून लपतील!