कान्होजीच्या नावाचा बिल्ला

विजयाबाईंचा कान्होजी आता परत येणार नाही, हे सगळ्या माधवगंज पेठेत एकट्या मानसिंगरावांना ठाऊक होतं. उत्तरेतल्या त्या मराठी संस्थानाची पलटण आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. भाद्रपदात तिकडून एक कागद आला. विजयाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून कान्होजीने जाताना पत्ता मानसिंगरावांचा दिला होता. कागदावर दोनच ओळी होत्या. तापाने वारला, तिथेच माती दिली. मानसिंगरावांनी तो दोनदा वाचला, घड्या घातल्या आणि पेटीत जुन्या वर्दीखाली ठेवून दिला.

लपवायचा म्हणून काही त्यांनी तो ठेवला नव्हता. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाले होते. मग पितृपक्ष लागला, पितृपक्षात कसं सांगायचं? मग नवरात्र आलं, दसरा आला, आणि सणाच्या तोंडावर कोण कुणाला असलं सांगतं? माणसाला सबबींचा कधी तुटवडा पडत नाही. विजयाबाईंचा नवरा सूर्याजी आणि मानसिंगराव एकाच पलटणीत वाढलेले. सूर्याजी गेल्यावर त्या घराची विचारपूस मानसिंगरावांनीच केली. दर आठ-दहा दिवसांनी ते त्यांच्या दारात उभे राहत आणि विजयाबाई विचारत, "काही चिठ्ठी आली का भावजी?" मानसिंगराव सांगत, "चिठ्ठी नाही वहिनी, पण पलटणीतून खुशाली कळली. मजेत आहे." हे 'मजेत आहे' म्हणताना पहिल्यांदा त्यांची जीभ अडखळली होती. पुढे पुढे ती अडखळेनाशी झाली, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटे.

सांगणं न होण्याचं खरं कारण एक कुत्रं होतं. कान्होजी निघाला त्या दिवशी विजयाबाईंनी खंडोबाला बोलून ठेवलं होतं की रोजची पहिली भाकरी देवाच्या कुत्र्याला घालीन आणि मगच माझ्या तोंडात घास घालीन. गल्लीतलंच एक तांबूस, एका कानाने फाटकं कुत्रं होतं, ते नेमाने दारात येऊ लागलं. त्याला त्यांनी नाव ठेवलं नाही. देवाच्या कुत्र्याला माणसाने काय नाव ठेवायचं? "ये रे देवा," म्हणत आणि ते येई. त्यांच्या मनाने एक हिशेब पक्का केला होता. हे कुत्रं दारात येऊन खातंय, तोवर तिकडे माझं पोरही कुठेतरी बसून चार घास खातंय. ते भाकरी खात असताना विजयाबाईंच्या चेहऱ्यावर जे काही दिसे, ते पाहिल्यावर कुणाच्याही तोंडून तो कागद बाहेर पडला नसता.

आश्विनात टोपी बाजारात एक पिसाळलेलं कुत्रं तिघांना चावलं. त्यातली एक सात वर्षांची पोर पाण्याला भिऊन, ओरडून ओरडून मेली. शहर हादरलं. दिवाळी होताच पाटणकर बाजाराच्या तोंडाशी दवंडी पिटली गेली. ज्याचं कुत्रं असेल त्याने त्याच्या गळ्यात चामड्याचा पट्टा घालावा, पट्ट्याला पितळी बिल्ला असावा, बिल्ल्यावर मालकाचं नाव असावं. सात दिवसांनंतर बिनबिल्ल्याचं कुत्रं रस्त्यावर दिसलं तर ते मारलं जाईल. आणि मारायचं काम आलं शहरसफाईच्या कचेरीकडे, म्हणजे तिथल्या जमादाराकडे, म्हणजे मानसिंगरावांकडे.

दवंडी ऐकून ते तडक विजयाबाईंकडे गेले.

"देवाचं कुत्रं आहे ते," विजयाबाई म्हणाल्या. "त्याला मी मालक कशी लावू? देवाच्या वस्तूवर आपलं नाव लिहायचं?"

"वहिनी, नाव नसलं तर मारतील."

"मारतील म्हणजे तुम्हीच ना?"

विजयाबाईंनी बराच वेळ विचार केला आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "मग कान्होजीचं नाव घाला. त्याच्यासाठीच तर बोललेय मी. माझं नको, त्याचं घाला."

नको म्हणायला काही कारण हवं होतं आणि जे होतं ते पेटीत वर्दीखाली होतं. मानसिंगराव तांबटाच्या दुकानात गेले. तांबट छिन्नीने एकेक अक्षर ठोकत होता आणि ते समोर उभे राहून पाहत होते. काम झाल्यावर तांबटाने बिल्ला धोतराने पुसून हातावर ठेवला आणि मोठ्याने वाचला, "कान्होजी सूर्याजी. ठीक है ना?" मानसिंगराव म्हणाले, ठीक आहे. मेलेल्या पोराच्या नावाचा बिल्ला त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या कुत्र्याच्या गळ्यात बांधला. विजयाबाईंनी त्या दिवशी त्यांना गुळाचा चहा पाजला.

मग कामाला सुरुवात झाली. सकाळच्या प्रहरी मेहतरांना घेऊन निघायचं, कुचल्याचं विष घातलेले गुळाचे लाडू टाकायचे आणि मागाहून गाडी फिरवायची. पहिल्या आठवड्यात मानसिंगरावांना अन्न गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जाऊ लागलं. टोपी बाजारातल्या एका टांगेवाल्याचं कुत्रं असंच बिनपट्ट्याचं रस्त्यावर सापडलं. टांगेवाला धावत आला, हात जोडून म्हणाला, "पट्टा घर में है जमादार साहब, अभी लाता हूँ." कचेरीतला वरचा साहेब दौलतसिंह इन्स्पेक्टर शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर कडकपणा दाखवायचा म्हणून मानसिंगराव म्हणाले, "घर में तो सबका होता है। कायदा गले का है।" कुत्रं मारलं गेलं, आणि दौलतसिंहाला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने ते कचेरीत चार जणांना सांगितलं.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. विजयाबाईंच्या घरी त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि रोडगे, तळी भरायची, आणि देवाच्या कुत्र्याला आत देव्हाऱ्यापाशी बोलावून पहिला नैवेद्य द्यायचा. वर्षातून एक दिवस ते कुत्रं उंबरठा ओलांडून आत येई. आता चामडं काही देवापुढे चालत नाही. विजयाबाईंनी पट्टा सोडला, बाहेर खुंटीला अडकवला, कुत्र्याच्या कपाळाला मूठभर भंडारा माखला आणि रोडगा पुढे ठेवला. ते पोटभर खाऊन वळलं आणि विजयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत दाराबाहेर पसार झालं.

बाजाराच्या कोपऱ्यावर मानसिंगरावांना ते दिसलं तेव्हा कपाळाचा पिवळा रंग आधी दिसला आणि मग मोकळा गळा. काय झालं असणार हे त्यांना क्षणात कळलं. सांगायलाही कुणी नको होतं, त्यांच्या स्वतःच्या घरीही आज तळी भरायची होती. पाठीमागे दौलतसिंह होता.

"हाड!" मानसिंगराव ओरडले. खडा उचलून त्यांनी त्याच्या अंगावर भिरकावला. या माणसाने कधी हाड म्हटलेलं त्या कुत्र्याने ऐकलंच नव्हतं. ते शेपूट हलवत दोन पावलं पुढे आलं आणि समोर बसलं.

मेहतराने लाडू टाकला. कुत्र्याने तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

"हुजूर, इसका पट्टा है," मानसिंगराव म्हणाले. "मैंने खुद बनवाया है। आज हमारा त्योहार है, पूजा में उतारा होगा. दो मिनट में ले आता हूँ."

दौलतसिंह हसला. वाईट माणूस नव्हता तो. पण टोपी बाजारची ती मेलेली पोर त्याच्या मेहुण्याच्या शेजारची होती, आणि बिल्ले घरी असणाऱ्यांच्या विनवण्या ऐकून तो कंटाळला होता. "जमादार साहब, घर में तो सबका होता है," तो म्हणाला. "आप ही का कहा है। टांगेवाला भी यहीं खड़ा देख रहा है। कुत्ता आपको पहचानता है, आप खिलाइए।"

टांगेवाला खरंच समोर उभा होता. नुसता पाहत होता.

मानसिंगरावांना नाही म्हणता आलं असतं. नंतर उरलेल्या आयुष्यात त्यांनी हजार वेळा मनातल्या मनात नाही म्हटलं. त्या वेळी मात्र त्यांच्या डोक्यात आलं ते एवढंच, की कुत्रं कुठे गेलं कुणास ठाऊक, असं वहिनींना सांगता येईल. इतकं खोटं बोललो, त्यात आणखी एक. त्यांनी डाव्या हाताने लाडू उचलला. उजव्या हाताने त्याचं भंडारा माखलेलं कपाळ कुरवाळलं, तसं त्याने विश्वासाने तोंड उघडलं.

कुचल्याने मरणारं जनावर लवकर मरत नाही. मानसिंगराव शेवटपर्यंत थांबले. तेवढं तरी त्यांनी केलं.

दुपारी ते माधवगंजात गेले. विजयाबाई दारातच बसल्या होत्या, मांडीवर पट्टा होता. देव्हाऱ्यापुढची तळी अजून तशीच होती आणि त्यांनी स्वतः अन्नाला हात लावला नव्हता.

"भावजी, तो गेलाय कुठेतरी. गळा मोकळा आहे त्याचा. तुम्ही बघितला का?"

"नाही वहिनी. बघतो मी, माणसं पाठवतो. जाईल कुठे?"

"हो ना. फिकीर नाही, तुम्ही आहात." त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर मानसिंगरावांच्या हातावर होती. उजव्या हाताची बोटं पिवळीधमक होती.

"देवळात जाऊन आलात?"

"हो," मानसिंगराव म्हणाले.

"मग कपाळाला भंडारा कसा नाही?"

मानसिंगरावांचा हात नकळत कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. देवळातून येणाऱ्या माणसाचं कपाळ आधी पिवळं होतं, बोटं मागाहून. हे त्यांना कळत होतं आणि विजयाबाईंनाही. त्या रडतील, शिव्या देतील, अंगावर धावून येतील असं त्यांना वाटलं, आणि यातलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं. विजयाबाई भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि तळीचं ताम्हन घेऊन बाहेर आल्या. त्यात बेलाची पानं होती आणि भंडारा होता.

"कुत्र्याचं नाही विचारत मी," त्या म्हणाल्या. "ते मला समजलं. बेलभंडार उचला आणि सांगा, माझा कान्होजी मजेत आहे."

त्यांच्या घराण्यांत बेलभंडार उचलून आजवर कुणी खोटं बोललेलं नव्हतं. मानसिंगराव त्या ताम्हनाकडे बघत राहिले. तीन महिने सराईतपणे चाललेली त्यांची जीभ टाळ्याला चिकटून बसली होती. गल्लीतून एक टांगा खडखडत गेला, त्याचा आवाज पार विरेपर्यंत विजयाबाई ताम्हन धरून उभ्या होत्या. शेवटी त्यांनीच ते खाली ठेवलं.

"केव्हा?"

"भाद्रपदात."

"आणि बिल्ला केलात तो दिवाळीनंतर."

"हो."

विजयाबाईंनी खाली पडलेला पट्टा उचलला. वाचता येत नव्हतं तरी त्या अक्षरांवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, आणि पट्टा मानसिंगरावांच्या पिवळ्या हातात ठेवला.

"मग तुमच्या कायद्याने बरोबरच झालं भावजी," त्या म्हणाल्या. "त्याला मालक नव्हताच."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.